पहिला सप्रेसर घेताना: आधी कागद, मग आटे, डेसिबल शेवटी

१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत सप्रेसरवरचा (बंदुकीच्या नळीच्या तोंडावर बसवायच्या, आवाज कमी करणाऱ्या नळकांड्यावरचा) २०० डॉलरचा संघीय कर शून्यावर आला आणि 'आता घेऊनच टाकू' म्हणणारे एकदम वाढले. १९३४च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टने बसवलेला हा आकडा नव्वद वर्षांत एकदाही बदलला नव्हता. त्या काळी ही रक्कम ऐकूनच माणसाने नाद सोडावा अशी होती, आणि हेतूही तोच होता. जुलै २०२५मधल्या कायद्याने कर गेला, पण फक्त करच गेला. एटीएफ या संघीय शस्त्रखात्याकडची नोंदणी, बोटांचे ठसे, फोटो, पार्श्वभूमीची तपासणी आणि मंजुरी येईपर्यंत थांबणं, यातलं काहीही सुटलेलं नाही.

पहिल्यांदा घेणारा माणूस बहुतेक वेळा कंपनीच्या पानावरचा डेसिबलचा आकडा बघून सुरुवात करतो, आणि तिथेच गाडी चुकते. आधी बघायचं ते आपल्याला सप्रेसर बाळगता येतो का. मग आपल्या नळीच्या तोंडावर कोणते आटे आहेत, मग आपण कोणती काडतुसं कशातून झाडतो. आवाजाचा आकडा सगळ्यात शेवटी, आणि तोही चिमूटभर मीठ लावूनच घ्यायचा.

कोणाला घेताच येत नाही

संघीय कायद्यात सप्रेसर स्वतःच 'फायरआर्म' ठरतो. बंदूक नसताना, नुसता कपाटात पडलेला असला तरी. म्हणून बंदूक बाळगायला जो अपात्र, तो सप्रेसरलाही अपात्र. आपल्या लोकांचा पाय घसरतो तो व्हिसाच्या कलमावर. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं हाच संघीय गुन्हा आहे. अपवाद मोजके आहेत. त्यातला नेहमी सांगितला जाणारा म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. पण तेवढ्या आधारावर सप्रेसरचा अर्ज भरण्याआधी इमिग्रेशन आणि शस्त्रकायदा दोन्ही कळणाऱ्या वकिलाला विचारलेलं बरं. कारण शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर शिक्षेपाठोपाठ देशाबाहेर काढलं जाण्याची वेळ येते. आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे, रांगेत दहा वर्षं झाली, घर घेतलं, मुलं इथे जन्मली, यातल्या कशानेही फरक पडत नाही. ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत थांबायचं. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक मात्र घेऊ शकतात. परवानाधारक दुकानदाराकडून घ्यायचा तर वय २१ पूर्ण हवं.

जाता जाता: रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणं हेही एटीएफच्या लेखी बाळगणंच आहे. सुट्टीत आलेल्या आई-बाबांना 'एकदा बार उडवून बघा' म्हणत रेंजवर नेणारे बरेच असतात. बी-२ व्हिसाला वरचंच कलम लागू होतं.

दुसरी चाळणी राज्याची. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, डेलावेअर, ऱ्होड आयलंड आणि हवाई या आठ राज्यांत, शिवाय राजधानी वॉशिंग्टन डीसीत, सामान्य नागरिकाला सप्रेसर ठेवता येत नाही. म्हणजे एडिसन, फ्रीमाँट आणि नेपरव्हिल इथल्या मराठी घरांचा विषय इथेच संपला. उरलेल्या ४२ राज्यांत घेता येतो: टेक्सस, नॉर्थ कॅरोलिना, जॉर्जिया, व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया, वॉशिंग्टन, ॲरिझोना वगैरे. शिकारीचे नियम वेगळे असतात. कनेटिकटमध्ये बाळगता येतो, पण शिकारीला लावता येत नाही.

नोकरी बदलून राज्य बदलणाऱ्यांनी हा विचार खरेदीच्या आधी करावा. आखूड नळीची रायफल दुसऱ्या राज्यात नेताना एटीएफची आगाऊ परवानगी लागते, सप्रेसरला लागत नाही. त्यामुळे फ्रिस्कोहून केरीला जाताना तो सामानात गेला तर बिघडत नाही. तोच सॅन होजेला निघालात तर नेता येणार नाही. मग आधीच दुकानदारामार्फत विकावा लागतो किंवा ट्रस्टमधल्या, परवानगी असलेल्या राज्यात राहणाऱ्या विश्वस्ताकडे ठेवावा लागतो. वापरलेल्या सप्रेसरला भाव पडेलच येतो, कारण पुढच्या माणसालाही हेच सगळं फॉर्म-पुराण करावं लागतं, आणि तेवढ्यासाठी तो नवाच घेतो.

आपल्या नावावर की ट्रस्टच्या

वैयक्तिक नावावर नोंदवला तर फक्त तुम्हीच तो बाळगू शकता. तुम्ही शेजारी उभे असताना दुसऱ्याने दोन बार काढले तर हरकत नाही, पण तुमच्या गैरहजेरीत तो कोणाच्या हाती लागता कामा नये. तिजोरीचा आकडा घरातल्या दुसऱ्या माणसाला माहीत असणं हाही वादाचा मुद्दा होऊ शकतो. ट्रस्टच्या नावावर घेतला तर प्रत्येक विश्वस्ताला तो स्वतंत्रपणे वापरता येतो, आणि मालक गेल्यावर पुढचं हस्तांतर सोपं जातं. वैयक्तिक मालकीतही वारसाला फॉर्म ५ या वेगळ्या अर्जावर हस्तांतर मिळतंच.

ट्रस्टची किंमत कागदांत मोजावी लागते. १३ जुलै २०१६ पासून ट्रस्टमधल्या प्रत्येक 'जबाबदार व्यक्ती'ला ठसे, फोटो आणि ५३२०.२३ क्रमांकाची प्रश्नावली द्यावी लागते. चार भावंडांचा ट्रस्ट केला की चौघांचे ठसे गोळा करत बसा. म्हणून बरेच लोक अर्जाच्या वेळी ट्रस्टमध्ये एकटेच राहतात आणि मंजुरीनंतर जोडीदाराला विश्वस्त करतात. हे चालतं, पण जोडला जाणारा माणूस स्वतः पात्र हवा. नवरा ग्रीन कार्डवर आणि बायको अजून एच-४ वर असेल, किंवा उलट, तर दुसऱ्याला विश्वस्त करायचं नाही आणि तिजोरीची किल्लीही द्यायची नाही. एकटा राहणारा आणि एकच सप्रेसर घेणारा असेल, तर ट्रस्टच्या फंदात पडायचं काही कारण नाही.

अर्ज

दुकानदाराकडे एफएफएल (बंदुका विकण्याचा संघीय परवाना) आणि त्यावर एसओटी (सप्रेसरसारख्या वस्तू विकण्याची वेगळी नोंदणी), असं दोन्ही हवं. नेहमीच्या बंदुकांच्या दुकानांपैकी सगळ्यांकडे ते नसतं. अर्ज तुमच्या राहत्या राज्यातल्या दुकानदाराकडूनच होतो. बाहेरून मागवला तर माल आधी फॉर्म ३ वर (दुकानदाराकडून दुकानदाराकडे) त्याच्याकडे येतो, मग तुमचा फॉर्म ४ (दुकानदाराकडून तुमच्या नावावर करण्याचा अर्ज) सुरू होतो. बाहेरून आलेल्या मालावर काही दुकानं हस्तांतराची वेगळी फी लावतात. ऑनलाइन ५० डॉलर वाचवले आणि इथे १०० भरले असं व्हायला नको, आधी फोन करून विचारा.

पैसे पूर्ण आधी भरावे लागतात आणि वस्तू दुकानातच राहते. एटीएफच्या ई-फॉर्म्सवर तुमचं खातं लागतं. दुकानदार मसुदा भरतो, तुम्ही तपासून पिन टाकून प्रमाणित करता. सोबत २ बाय २ इंचाचा फोटो लागतो. ठसे देण्याचे मार्ग दोन: डिजिटल ईएफटी फाइल, किंवा एफडी-२५८ ची दोन कार्डं टपालाने. फाइलच घ्या. टपालात कार्ड हरवलं किंवा उशिरा पोचलं की अर्ज लटकतो. अर्जाची एक प्रत स्थानिक शेरीफ किंवा पोलीसप्रमुखाकडे जाते. ती फक्त माहितीसाठी असते, त्यांची संमती २०१६ पासून लागत नाही.

आपल्याकडे अडकतं ते नावात. मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. पासपोर्टवर तिन्ही नावं, ड्रायव्हिंग लायसन्सवर मधल्याचं नुसतं आद्याक्षर, ग्रीन कार्डवर पहिलं आणि मधलं नाव एकत्र चिकटलेलं, ही परिस्थिती घरोघरी आहे. फॉर्म ४, ठशांची फाइल आणि दुकानात दाखवायचं ओळखपत्र या तिन्हींवर एकच नाव, एकाच स्पेलिंगने हवं. आधी ओळखपत्र दुरुस्त करा, मग अर्ज. पत्त्याचंही तेच. घर बदललं आणि लायसन्सवर जुना पत्ता राहिला असेल तर तो बदलून मगच दुकानात जा.

ठसे घेताना बोटं कोरडी, रेषा झिजलेल्या असतील तर यंत्र ते नाकारतं. दोन-तीन दिवस आधीपासून मलम लावणं आणि ठशांच्या वेळी हात धुऊन हलकेच ओलसर ठेवणं, एवढं पुरतं. ज्यांच्या नावाशी जुळणारी नावं नोंदींत बरीच आहेत आणि ज्यांना बंदूक घेताना दरवेळी 'डिलेड' येतं, त्यांनी एफबीआयच्या स्वेच्छा अपील नोंदीतून यूपीआयएन हा स्वतःचा ओळख क्रमांक आधीच काढून घ्यावा. तपासणी निकालाविना रखडली तर एटीएफ अर्ज नामंजूर करतं आणि सगळं पहिल्यापासून.

मंजुरीला किती वेळ लागतो याचं ठाम उत्तर कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. एके काळी आठ-दहा महिने लागत, २०२४ पासून काही अर्ज दिवसांत सुटू लागले, आणि कर गेल्यावर गर्दी उसळली. दरम्यान दुकानाची स्वतःची रेंज असेल तर बरेच दुकानदार त्यांच्या देखरेखीखाली तुमचा सप्रेसर तुम्हाला तिथेच वापरू देतात. विचारायला लाजू नका.

मंजुरी आली की दुकानात फॉर्म ४४७३ (बंदूक घेताना नेहमी भरायचा तोच) भरायचा. त्याआधी काउंटरवर सप्रेसर हातात घेऊन नळकांड्यावर कोरलेला अनुक्रमांक, मॉडेल आणि कॅलिबर मंजूर कागदाशी अक्षर-अक्षर जुळवा. शून्य आणि ओ, एक आणि आय यांची गफलत झालेली असते. जुळलं नाही तर बाहेर नेऊ नका, दुरुस्ती दुकानदाराने एटीएफकडून करून घ्यायची. घरी आल्यावर मूळ मंजुरी जपून ठेवा आणि एक प्रत सप्रेसरच्या पिशवीत टाका.

ज्यांना हा व्याप नको असतो त्यांना ऑनलाइन 'सॉल्व्हंट ट्रॅप' दिसतो: साफसफाईचं साहित्य म्हणून विकलेलं नळकांडं आणि आत कप. स्वस्त असतं, घरपोच येतं. एटीएफ अशा संचांना सप्रेसरच मानून गुन्हे दाखल करतं, आणि नोंदणी नसलेला सप्रेसर बाळगण्याची शिक्षा १० वर्षांपर्यंत कैद आहे. त्या वाटेला जाऊ नका.

पहिला कोणता

मत विचाराल तर .२२ रिमफायरचा. किंमत साधारण २५० ते ५०० डॉलर, वजन शंभर-दीडशे ग्रॅमच्या आसपास, आणि आवाजातला फरक सर्वात जास्त जाणवतो तो यातच. १६ इंची नळीची बोल्ट रायफल (दर बाराला हाताने बोल्ट ओढायची) आणि सबसॉनिक (ध्वनीपेक्षा हळू जाणारी) किंवा स्टँडर्ड व्हेलॉसिटी गोळी असली की बारापेक्षा फायरिंग पिनचा आपटण्याचा आवाज लक्षात राहतो. शिकवायला, मुलांना नेम धरायला लावायला यापेक्षा चांगलं काही नाही. बार उडण्याच्या धसक्याने डोळे मिटण्याची सवय लागतच नाही.

.२२ मुळीच नसेल आणि रायफल .३०८, ६.५ क्रीडमूर, ५.५६ अशा मिश्र असतील, तर .३० कॅलिबरचा एकच घ्या. लहान गोळी मोठ्या भोकातून सुखाने जाते, फक्त ५.५६ वर लावल्यास ५.५६ साठीच बनवलेल्यापेक्षा थोडा आवाज जास्त येतो. किंमत ५०० ते १२०० डॉलर, माउंट (सप्रेसर नळीला जोडणारा भाग) वेगळा. पिस्तुलाचा सप्रेसर पहिला म्हणून घेऊ नये असं आमचं मत. तो लांब असतो, पिस्तूल पुढे जड होतं, नेमाची मूळ साधनं झाकली जातात, आणि बूस्टरचं एक वेगळंच प्रकरण गळ्यात पडतं.

ते प्रकरण असं: ग्लॉकसारख्या बहुतेक पिस्तुलांची नळी बार उडताना मागे सरकून तिरकी होते. टोकावर पाव-अर्धा किलो वजन बसलं की ती हलतच नाही आणि पिस्तूल पुढचं काडतूस भरत नाही. बूस्टरमधला पिस्टन आणि स्प्रिंग त्या क्षणापुरतं सप्रेसरचं वजन नळीवरून काढून घेतात. हाच सप्रेसर स्थिर नळीच्या ९ एमएम कार्बाइनवर लावायचा असेल तर स्प्रिंग काढून तिथे घट्ट स्पेसर बसवावा लागतो. स्प्रिंग तशीच ठेवली तर सप्रेसर आतल्या आत आदळून स्वतःलाच खिळखिळा करतो.

धातूचं बघायचं ते वापरावर. टायटॅनियम हलकं, शिकारीला आणि बोल्ट रायफलला उत्तम. आखूड नळीच्या एआरवर (एआर-१५ घाटाच्या, आपोआप काडतूस भरणाऱ्या रायफलवर) भराभर झाडलं तर ते तापतं, ठिणग्या टाकतं आणि पहिला बॅफल (वायू अडवणारा आतला पडदा) झिजतो. तिथे १७-४ पोलाद, इन्कोनेल किंवा स्टेलाइट अशा टणक मिश्रधातूचा पहिला बॅफल असलेला हवा. प्रत्येक मॉडेलला कंपनीने नळीची किमान लांबी दिलेली असते, ती वाचा. ॲल्युमिनियम .२२ आणि पिस्तुलापुरतं ठीक.

आटे

अमेरिकेत .२२, ५.५६ आणि ९ एमएमच्या बहुतेक नळ्यांना १/२ × २८ आटे असतात, .३० कॅलिबरला ५/८ × २४, .४५ ला .५७८ × २८. ग्लॉकची कंपनीची आटेदार नळी एम१३.५ × १ आणि डाव्या फिरकीची, बाहेरच्या कंपन्यांच्या नळ्या मात्र बहुधा १/२ × २८. ७.६२ एकेएमला (एके-४७ घराण्यातली रायफल) एम१४ × १, डावी फिरकी. बंदुकीच्या माहितीपत्रकात बघा, शंका असेल तर दुकानात गेज लावून घ्या. 'बसतोय ना' म्हणून जोर करून फिरवायचं नाही.

खरा धोका आटे जुळत नाहीत तेव्हा नसतो, नको तिथे जुळतात तेव्हा असतो. .२२ चा सप्रेसर ९ एमएमच्या १/२ × २८ नळीवर सुरेख बसतो. पुढची गोळी मात्र .३५५ इंचाची असते आणि भोक .२२ चं. पहिल्या बारालाच सप्रेसर फुटतो, हातही जाऊ शकतो. ५.५६ आणि .३०० ब्लॅकआउट या दोन्ही एआरवर एकाच कंपनीचे झटपट माउंट लावले असले की अशीच चूक व्हायला वाट मोकळी होते. घरात दोन्ही असतील तर दोन्हीला .३० चाच सप्रेसर वापरा. काडतुसं वेगळ्या रंगाच्या मॅगझिनमध्ये ठेवा.

माउंटचा आता बऱ्यापैकी एकच मेळ जमलाय. सप्रेसरच्या मागच्या टोकाला १.३७५ × २४ आटे असतील, ज्याला बाजारात हब म्हणतात, तर त्यात थेट आट्यांचा, केमोचा, एएसआरचा, रिअर्डनचा, हवा तो माउंट बसतो. पहिला रायफल सप्रेसर हबवालाच घ्या. उद्या रायफल बदलली तर माउंट बदलेल, नवा फॉर्म ४ लागणार नाही. एकच बोल्ट रायफल असेल तर थेट आट्यांचा माउंट सर्वात हलका आणि सरळ बसणारा, फक्त दर दहा-पंधरा बारांनी घट्ट आहे ना ते हाताने बघायचं. तापलेला असतो, हातमोजा घाला.

बसवताना क्रश वॉशर (आवळताना चेपणारा वॉशर) कधीच वापरायचा नाही. तो दाबला जाताना एका बाजूला जास्त दबतो, माउंट किंचित तिरका बसतो आणि सहा-सात इंचांच्या सप्रेसरच्या टोकाशी तो तिरकेपणा गोळी बॅफलला घासेल एवढा होतो. माउंट ठरावीक दिशेला वळवून बसवायचा असेल तर सपाट शिम (पातळ चकती) लावा, नाहीतर काहीच नको. नळीचा खांदा नळीशी काटकोनात आणि स्वच्छ हवा. माउंट पक्का करायला रॉकसेट नावाचा चिकटवणारा द्रव वापरतात. ते उष्णतेला दाद देत नाही, पण पाण्यात विरघळतं. काढायचा असेल तेव्हा उकळत्या पाण्यात भिजवा, पान्याला लटकू नका.

मग सरळपणाची परीक्षा. बंदूक रिकामी आहे ना ते दोनदा बघा, बोल्ट काढा, सप्रेसर पूर्ण घट्ट बसवा आणि कॅलिबरच्या मापाची अलाइनमेंट सळई चेंबरच्या बाजूने नळीत सरकवा. पुढे एंड कॅपच्या (सप्रेसरच्या पुढच्या झाकणाच्या) भोकात सळई मध्यभागी दिसली पाहिजे, सगळीकडे सारखी फट. सळई एका कडेला टेकली असेल तर बार काढायचा नाही. आधी माउंट काढून खांदा पुसा, पुन्हा बसवा. तरीही तिरकी असेल तर आटेच वाकडे कापलेत. जुन्या एकेएममध्ये आणि स्वस्तात कापून घेतलेल्या आट्यांत हे सर्रास सापडतं. लाकडी दांडी किंवा साफसफाईची सळई यासाठी चालत नाही, ती स्वतःच वाकडी असते.

सळई मध्यभागी असूनही गोळी घासू शकते: नळीच्या पीळाला (गोळी फिरवणाऱ्या आतल्या खाचांना) न पेलणारी जड गोळी डगमगत बाहेर पडते. .३०० ब्लॅकआउटची २२० ग्रेन सबसॉनिक गोळी मंद पीळाच्या नळीतून झाडली की हे होतं. सप्रेसर लावण्याआधी तोच बॉक्स कागदी लक्ष्यावर नुसता झाडून बघा. भोकं गोल असतील तर ठीक. किल्लीच्या आकाराची लांबट भोकं दिसली तर ती काडतुसं त्या नळीतून सप्रेसरसह वापरायची नाहीत.

आवाज, वायू आणि शिसं

सप्रेसर आवाज मारत नाही, साधारण २० ते ३५ डेसिबलने कमी करतो. ५.५६ चा उघडा बार १६५ च्या आसपास, सप्रेसर लावून १३५ च्या आगेमागे. कानाला एका बारात इजा होण्याची रेषा १४० ची मानतात, आणि १३५ तिच्या फार खाली नाही, म्हणून रायफलला कानात बोळे हवेतच. कंपनीचे आकडे सहसा नळीच्या तोंडापासून एक मीटर बाजूला मोजलेले असतात. एआरवर तुमच्या कानाशी इजेक्शन पोर्टमधून (टरफल बाहेर पडतं त्या खिडकीतून) येणारा आवाज त्यात नसतो. पहिला बार पुढच्यांपेक्षा मोठा वाजतो, कारण आतल्या हवेतला ऑक्सिजन उरलेला वायू पेटवतो. १९०९ साली पेटंट घेणाऱ्या हिरम पर्सी मॅक्झिमचे वडील मशीनगनचे जनक. बापाने केलेला गोंगाट मुलाने कमी करायला घेतला, पण भौतिकशास्त्रापुढे त्याचंही चाललं नाही.

गोळी ध्वनीच्या वेगापेक्षा जोरात जात असेल तर तिचा हवेतला कडाका सप्रेसर थांबवूच शकत नाही. २० अंश सेल्सिअसला तो वेग सेकंदाला सुमारे ११२५ फूट, शून्याला सुमारे १०८७. सीसीआयची स्टँडर्ड व्हेलॉसिटी .२२ गोळी १०७० ची. उन्हाळ्यात ती शांत जाते, हिवाळ्यात अधूनमधून एखादी कडाडते. .४५ ची २३० ग्रेन गोळी मुळातच हळू, ९ एमएममध्ये १४७ ग्रेन मागावी लागते.

एआरमध्ये दुसरी कुरबुर वायूची. अडलेला वायू मागे येतो, बोल्ट जोरात धावतो, टरफलं पुढच्या बाजूला उडू लागतात आणि डोळ्यांत चुरचुरतं. डावखुऱ्याला जास्तच. जड बफर (बोल्टमागचं, त्याचा वेग आवरणारं वजन), म्हणजे एच२ किंवा एच३, हा स्वस्त उपाय, ॲडजस्टेबल गॅस ब्लॉक (मागे येणारा वायू कमी-जास्त करणारा भाग) हा पक्का. वायू पुढे सोडणारे फ्लो-थ्रू सप्रेसरही मिळतात, थोडे मोठ्याने वाजतात, पण एकच एआर असणाऱ्याने तेच आधी बघावेत. बोल्ट रायफलला यातलं काहीही लागू नाही. तिथे फक्त निशाणा सरकतो, बहुधा दरवेळी तेवढाच, म्हणून सप्रेसर लावूनच झिरो करा, म्हणजे नेम जुळवून घ्या.

विमानाने नेणार असाल तर कुलूपबंद कडक पेटीत, चेक-इनला, काउंटरवर सांगून, आणि एअरलाइनचा नियम आधी वाचून. न्यूअर्क किंवा जेएफकेमार्गे तिकीट काढू नका. जोडविमान चुकलं आणि रात्रीपुरती बॅग तुमच्या हातात दिली गेली, की तुम्ही बंदी असलेल्या राज्यात सप्रेसर घेऊन उभे. भारतात न्यायचा तर विचारही नको. १९५९च्या आर्म्स ॲक्टच्या व्याख्येत बारचा आवाज किंवा झगमगाट कमी करणारं उपकरण शस्त्रातच मोडतं, आणि अमेरिकेतून बाहेर काढायलाही परराष्ट्र खात्याचा निर्यात परवाना लागतो.

साफसफाई .२२ चीच खरी. गोळी उघड्या शिशाची, त्यामुळे आत शिसं आणि काजळी साचते. म्हणून .२२ चा सप्रेसर उघडता येणाराच घ्या, आणि ४००-५०० बारांनी उघडा. त्याहून लांबवलं की बॅफल नळकांड्यात असे रुततात की हातोडीशिवाय निघत नाहीत. पहिल्यांदा उघडताना बॅफलचा क्रम आणि दिशा यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पोलादी बॅफल अल्ट्रासॉनिक यंत्रात किंवा ब्रशने साफ होतात. ॲल्युमिनियमला आम्ल चालत नाही. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण इंटरनेटवर फार सांगितलं जातं. ते शिसं विरघळवतं खरं, पण त्यातून बनणारं लेड ॲसिटेट विषारी असतं, त्वचेतून आत जातं आणि सिंकमध्ये ओतताही येत नाही. करू नका. हातमोजे घालून, ओल्या कापडाने पुसत काम करा. कोरडं खरवडलं की शिशाची धूळ छातीत जाते. एखादा बॅफल खराब झाला तर सुटा मागवून घरी बसवता येत नाही, कारण सुटा बॅफलही कायद्याने सप्रेसरच. तो कंपनीकडे दुरुस्तीला पाठवायचा. तिथून तो थेट तुमच्या पत्त्यावर परत येऊ शकतो, त्यासाठी नवा फॉर्म ४ लागत नाही.